जासुदाचे पाय : हाइन्केल-७० या जर्मन विमानाचं प्रकरण

पेशवेकालीन कागदांत ‘जासूद’ हा शब्द दोन कामांसाठी येतो. पुण्याहून निघालेला लखोटा दूरच्या छावणीत नेऊन पोचवणारा तो जासूद. शत्रूच्या गोटात शिरून घोडा किती, तोफा किती, दाणागोटा किती दिवस पुरेल याची बातमी काढणारा तोही जासूदच. भाषेला या दोघांत फरक करावासा वाटला नाही, कारण दोघांना लागणारं अंग एकच होतं. ओझं थोडं, पाय पळते, आणि वाटेत कुणाशी भांडायला थांबायचं नाही.

१९३२ साली जर्मनीत असाच एक दुहेरी जासूद जन्माला आला. नाव हाइन्केल-७०, टोपणनाव ‘ब्लिट्झ’, म्हणजे वीज. आधी टपाल आणि चार उतारू, मग टेहळणी. दोन महायुद्धांमधल्या काळात जर्मनीत टपाल आणि टेहळणी अशी जोडी असलेली विमानं आणखीही झाली, पण मला हेच घ्यावंसं वाटलं. एक कारण असं की, ज्या ज्या कामाला ते लावलं त्यातून ते तीन-चार वर्षांत बाहेर पडलं. दुसरं असं की, तरीही त्या दशकातल्या कितीतरी विमानांच्या अंगावर त्याचा वळसा उमटलेला दिसतो. नोकरीत न टिकलेला पण सगळ्यांना शिकवून गेलेला माणूस आपण पाहिलेला असतो. हे त्या जातीचं विमान.

लाल विमानाचा धक्का

गोष्ट सुरू होते ती शेजाऱ्यापासून. १९३१ साली स्थापन झालेल्या स्विसएअरने अमेरिकेतून लॉकहीड कंपनीची दोन ओरायन विमानं आणली आणि मे १९३२ पासून झुरिक-म्युनिक-व्हिएन्ना मार्गावर लावली. लाल रंगाची, जवळजवळ पूर्ण लाकडी, एका इंजिनाची. उडाल्यावर ती चाकं पंखात ओढून घेत. युरोपातल्या नेहमीच्या प्रवासी सेवेत तेव्हा असं काही दिसत नव्हतं. त्यांचा कमाल वेग ताशी ३५० किलोमीटरच्या घरात. तेव्हाच्या लुफ्तहान्सा या जर्मन विमानवाहतूक कंपनीची बहुतेक विमानं ताशी २०० च्या आतबाहेर रमतगमत जायची. (आजची लुफ्तहान्सा ही युद्धानंतर नव्याने उभी राहिलेली कंपनी, ही ती नव्हे.) म्युनिक म्हणजे लुफ्तहान्साचं स्वतःचं अंगण. तिथे शेजाऱ्याचं लाल विमान येऊन उतरतं आणि आपलं विमान धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत दिसेनासं होतं, ही नामुष्की.

आता लुफ्तहान्साच्या जागी बसून पाहू. १९३२ मध्येच तिच्याकडे युंकर्स या जर्मन कारखान्याचं तीन इंजिनांचं युंकर्स-५२ येऊ लागलं होतं. सतरा उतारू, भरवशाचं, कुठेही उतरणारं, पन्हाळी पत्र्याचं. धंदा त्यावर चालणार होता आणि पुढे चाललाही. ओरायन दोनच होती, एकेकात मोजके उतारू. दोन विमानांनी लुफ्तहान्साचं गिऱ्हाईक पळवलं असतं असं मला वाटत नाही. पण विमानवाहतूक त्या काळी नुसता धंदा नव्हता. व्हर्सायच्या तहाने लष्करी विमानं ठेवायला बंदी केलेल्या देशात नागरी विमान हाच मिरवण्याचा झेंडा होता. त्यामुळे वेगवान विमानाची मागणी निघाली. युंकर्सकडेही गेली आणि हाइन्केलकडेही.

या मागणीच्या वेळी लुफ्तहान्साच्या संचालकांत एर्हार्ड मिल्श होता, हे लक्षात ठेवावं. पुढच्याच वर्षी तो हिटलरचा सहकारी ग्योरिंग याच्या हवाई मंत्रालयात सचिव झाला. विमानाचं गिऱ्हाईक बदललं तेव्हा टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस तोच राहिला. हाइन्केल-७० टपालातून सैन्यात इतक्या सहज कसं सरकलं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

एर्न्स्ट हाइन्केलचा कारखाना बाल्टिक किनाऱ्यावर वार्नेम्युंडेला. १९२२ ची कंपनी. टपाल तिला नवं नव्हतं. जुलै १९२९ मध्ये ‘ब्रेमेन’ हे प्रवासी जहाज पहिल्या सफरीवर न्यूयॉर्ककडे निघालं, तेव्हा त्याच्या डेकवरच्या झोतयंत्रातून (कॅटापुल्टमधून) हाइन्केलचंच एक छोटं विमान टपालाच्या थैल्या घेऊन भिरकावलं गेलं होतं आणि जहाजाच्या आधी न्यूयॉर्कला पोचलं होतं. म्हणजे टपालाला वेळ विकता येतो, हे हाइन्केलला कळलेलं होतं.

पहिला आराखडा होता हाइन्केल-६५. चाकं बाहेर लोंबणारी, जुन्या वळणाची. ओरायनच्या वेगाचे आकडे हाती आले तेव्हा हा आराखडा जन्माआधीच म्हातारा झालेला होता. तो बाजूला ठेवला आणि काही महिन्यांत नवं विमान कोऱ्या कागदावरून काढलं. १ डिसेंबर १९३२ ला ते उडालं. अर्धवट झालेलं काम टाकून देण्याचं धैर्य कारखान्यांत फार कमी दिसतं. झालेला खर्च डोळ्यांपुढे नाचतो, आणि माणसं जुन्याच आराखड्याला ठिगळं लावत बसतात. हाइन्केलने ती लावली नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

हवेला अडणारं काढून टाका

विमानाचा वेग वाढवणं म्हणजे मोठं इंजिन बसवणं, असं बाहेरून वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. तेच धड, तेच पंख ठेवून ताशी २५० वरून ३६० वर जायचं तर वेग १.४४ पट, आणि शक्ती जवळजवळ तिप्पट. तिप्पट इंजिन मिळत नव्हतं. मिळत होतं ते बीएमडब्ल्यूचं सहा क्रमांकाचं बारा सिलिंडरांचं इंजिन. घनफळ सुमारे ४७ लिटर, शक्ती ७५० अश्वशक्तीच्या आसपास. चांगलं, पण जुन्या पठडीतलं. म्हणून उरलेला सगळा वेग विमानाच्या अंगातूनच पिळून काढायचा होता.

ते काम झीगफ्रीड आणि वाल्टर ग्युंटर या भावांचं. हाइन्केलकडे येण्याआधी ते हॅम्बुर्गच्या बॉयमर कंपनीत होते आणि तिथे ‘झाऊझेविंड’ नावाच्या छोट्या क्रीडा-विमानाला त्यांनी लंबवर्तुळाकार पंख दिला होता. तोच आकार मोठा होऊन हाइन्केल-७० वर आला. वरून पाहिलं तर पंख पिंपळाच्या नव्हे, जांभळाच्या पानासारखा, टोकाकडे निमुळता आणि कुठेही कोपरा नसलेला. बुडाशी तो थोडा खाली झुकून मग वर उचलला जायचा, त्यामुळे समोरून पाहताना चिपटा झालेला डब्ल्यू दिसायचा. या बाकाचा एक व्यवहारी फायदा असा की, धड आणि पंख यांच्या सांध्यात हवा कोंडत नाही, आणि पंखाच्या बाकाशी चाकं जोडल्यामुळे चाकांचे पाय आखूड राहतात. आखूड पाय हलके, आणि पंखात मावायला सोपे.

लंबवर्तुळाचं गणित ग्योटिंगेनच्या लुडविग प्रांट्लचं. पंखाच्या लांबीवर उचल त्या आकारात वाटली गेली की उचलीपायी द्यावा लागणारा अडथळा कमीत कमी राहतो. पुस्तकात हे सुंदर दिसतं आणि हाइन्केल-७० चं कौतुक करणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला मात्र वाटतं, पंखाच्या आकाराला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय मिळालं. उचलीपायी येणारा अडथळा विमान हळू चालत असताना मोठा असतो. वेग वाढेल तसा तो वर्गाने घटतो. ताशी साडेतीनशेने जाणाऱ्या विमानाचा खरा शत्रू म्हणजे अंगाला घासणारी हवा आणि बाहेर आलेल्या वस्तू. ते शत्रू हटवले ते दिसायला मामुली वाटणाऱ्या कामांनी.

पहिलं, चाकं आत. दुसरं, रिव्हेट. धड ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचं, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडवलेली, म्हणजे हात फिरवला तर कुठे टोचत नाही. युंकर्सच्या पन्हाळी पत्र्याच्या शेजारी हे धड म्हणजे घोंगडीशेजारी रेशीम. पंख लाकडी, प्लायवूडने मढवलेले, घासून गुळगुळीत केलेले. लंबवर्तुळाचे दुहेरी बाक पत्र्यात वळवण्यापेक्षा लाकडात वळवणं सोपं होतं, हाही त्यातला हिशेब असणार. तिसरं, आणि मला सगळ्यात हुशारीचं वाटतं ते, रेडिएटर. इंजिन पाण्याने थंड करायचं तर पाणी १०० अंशांच्या खाली ठेवावं लागतं. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक कमी, म्हणून उष्णता सोडायला मोठी जाळी लागते आणि ती जाळी वाऱ्यात उभी राहून वेग खाते. ग्युंटर बंधूंनी पाण्याऐवजी एथिलीन ग्लायकॉल वापरलं. ते उकळतं १९७ अंशांना. द्रव जास्त तापू दिला की तीच उष्णता लहान जाळीतून बाहेर जाते. इंजिनाला हात न लावता, नुसता आतला द्रव बदलून वेग मिळवला.

या सगळ्याची बेरीज कमाल वेगात दिसली. ताशी ३७७ किलोमीटर. १९३३ च्या वसंतात लुफ्तहान्साचा वैमानिक रोबेर्ट उंटुख्ट याने वजन घेऊन लांब पल्ल्याचे वेगाचे आठ जागतिक विक्रम केले. त्या वर्षी कित्येक देशांची लढाऊ विमानं या टपालवाहूच्या मागे पडली असती. ओरायनला उत्तर मिळालं होतं.

चार खुर्च्यांचा हिशेब

१५ जून १९३४ ला बर्लिन, हॅम्बुर्ग, कलोन आणि फ्रँकफुर्ट यांना जोडणारे ‘ब्लिट्झ’ मार्ग सुरू झाले. पुढे वैमानिक, त्याच्या मागे बिनतारी चालवणारा, आणि त्यांच्या मागे चार उतारू, समोरासमोर दोन-दोन. गुडघ्याला गुडघा लागेल अशी जागा. वेगासाठी धड बारीक ठेवलं होतं, त्याचं भाडं उतारूंच्या गुडघ्यांनी भरलं.

हिशेब मांडू. हाइन्केल-७० मध्ये ७५० अश्वशक्ती आणि चार उतारू, म्हणजे डोक्यामागे जवळजवळ १८८. युंकर्स-५२ मध्ये ६६० ची तीन इंजिनं आणि सतरा उतारू, म्हणजे डोक्यामागे ११६ किंवा थोडी जास्त. चार जणांमागे दोन कर्मचारी, हे वेगळंच. ओरायनची स्पर्धा करता करता ओरायनपेक्षाही महाग गणित होऊन बसलं, कारण तिथे इंजिन लहान होतं आणि चालवणारा एकटा. युंकर्सने याच मागणीला दिलेलं उत्तर, आधी युंकर्स-६० आणि त्यावरून सुधारलेलं युंकर्स-१६०, दिसायला तितकं देखणं नव्हतं. वेगही कमी. पण त्यात सहा जण बसत आणि इंजिन ६६० अश्वशक्तीचं, म्हणजे डोक्यामागे ११०. कुठल्याही वाणसामानाच्या दुकानदाराला दोन्हींतलं कुठलं ठेवावं हे विचारावं लागलं नसतं. १९३५ पासून युंकर्स-१६० मार्गांवर आलं आणि १९३७ च्या सुमारास ‘वीज’ लुफ्तहान्साच्या सेवेतून निघाली. आठ विक्रम आणि जेमतेम तीन वर्षांची नोकरी.

इथे लुफ्तहान्साला मूर्ख ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं. मागणीतच ‘किती उतारू पुरतील’ हा प्रश्न ‘किती वेगाने’ याच्या मागे दडपला गेला होता, कारण मागणी बाजारातून नव्हे, शेजाऱ्याच्या लाल विमानाकडे बघून निघाली होती.

टपालाचं मात्र वेगळं. पत्राला गुडघे नसतात. ते तक्रार करत नाही, त्याला खिडकी लागत नाही, आणि त्याचा दर ग्रॅमवर असतो. ३ फेब्रुवारी १९३४ ला लुफ्तहान्साने दक्षिण अटलांटिक ओलांडणारं नियमित हवाई टपाल सुरू केलं. ही साखळी अनेक विमानांची होती. श्टुटगार्टहून स्पेनमधल्या सेव्हियापर्यंतचा पहिला टप्पा हाइन्केल-७० चा. तिथून युंकर्स-५२ कॅनरी बेटांवरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बाथर्स्टला, म्हणजे आजच्या बांजुलला. तिथून डॉर्निअर कंपनीची वाल ही उडती बोट समुद्रावर निघायची. तिचा पल्ला पुरत नसल्यामुळे मध्यसमुद्रात ‘वेस्टफालेन’ नावाचं जहाज उभं असे. बोट जहाजाजवळ पाण्यात उतरायची, यारीने वर घेतली जायची, इंधन भरून झोतयंत्राने पुन्हा हवेत भिरकावली जायची आणि ब्राझीलच्या नाताल बंदराला पोचायची.

या साखळीत हाइन्केल-७० चं काम सगळ्यात कमी रोमांचक दिसतं, पण ते नेमकं त्याच्या अंगासारखं होतं. ज्या टप्प्यावर खाली जमीन आहे, विमानतळ आहेत, पल्ला मध्यम आहे, तिथे पळून वेळ वाचवायचा. समुद्रावर त्याला कुणी पाठवलं नाही, आणि बरंच झालं. माझ्या मते या विमानाला आयुष्यात बरोबर काम मिळालं ते एवढंच.

गोटात शिरताना

१९३५ च्या मार्चमध्ये जर्मनीने आपलं हवाई दल उघड केलं. उघड करायला विमानं लागतात, आणि ती लगेच लागतात. हाइन्केल-७० तयार होतं, चालून बघितलेलं होतं, त्याचे साचे कारखान्यात लागलेले होते. ई प्रकार हलका बाँबफेक्या झाला आणि एफ प्रकार टेहळणीचा. उतारूंच्या जागी निरीक्षक, कॅमेरा, आणि मागच्या बाजूला पाठराखणीला एक मशीनगन. तिघांचे कर्मचारी. एकंदर तीनशेच्या वर हाइन्केल-७० बनली, त्यांतली बहुतेक सैन्याची. लुफ्तहान्साची त्यांत मोजकीच.

हे विमान मुळातच वेषांतर केलेला बाँबफेक्या होता, असं काही वेळा लिहिलेलं आढळतं. मला ते पटत नाही. त्याचा उगम ओरायनपाशी आहे आणि चार माणसांच्या त्या चिंचोळ्या खोलीत बाँब मावतील की नाही, याची चिंता करून ती कुणी आखली असती तर ती तशी दिसली नसती. उलट दिशेचं वेषांतर नंतर झालं. डॉर्निअर-१७, ज्याला ‘उडती पेन्सिल’ म्हणत, तेही टपालविमान म्हणून जन्मलं असं सांगतात. पण तिथे ही गोष्ट सांगितली जाते तितकी सरळ नाही, आणि टपालाचं नाव बुरखा म्हणून वापरल्याचा संशय रास्त आहे. हाइन्केल-७० ने टपाल खरोखर नेलं होतं.

तेव्हा प्रश्न असा की जासुदाचे पाय एकच, तर टपालात जमलं ते टेहळणीत का जमू नये?

स्पेनच्या यादवीत याचं उत्तर मिळालं. १९३६ च्या अखेरीस कोंडोर लीजनबरोबर, म्हणजे जर्मनीने फ्रँकोच्या मदतीला धाडलेल्या दलाबरोबर, सुमारे २८ विमानं गेली आणि लीजनच्या टेहळणी तुकडीत लागली. स्पॅनिश लोकांनी त्यांना ‘रायो’ म्हटलं. त्याचाही अर्थ वीजच. नाव शोभत होतं, काही आठवडे. त्याच सुमाराला समोरच्या बाजूला सोव्हिएत आय-१६ लढाऊ विमानं उतरली. बुटकी, ठेंगणी, आणि ताशी साडेचारशेच्या आसपास जाणारी. १९३३ मध्ये कुणाच्या हाती न लागणारा वेग १९३६ मध्ये पकडला जाण्याचा वेग झाला होता. टपालाच्या बाबतीत प्रतिस्पर्धी तुमच्यापेक्षा वेगवान असला तर पत्र उशिरा पोचतं. टेहळणीत प्रतिस्पर्धी वेगवान असला तर माणूसच पोचत नाही. मधली वाट नाही.

पण वेग ही अर्धीच गोष्ट. बाकीचं अंगही नव्या कामाला नीट बसत नव्हतं. टपाल नेणाऱ्याला खाली बघायचं नसतं. टेहळणीला दुसरं काही बघायचंच नसतं, आणि इथे तर भला रुंद पंख धडाच्या बुडाशी, निरीक्षकाच्या नजरेच्या आणि जमिनीच्या मधोमध पसरलेला. जो पंख वेगासाठी खाली आणला, त्यानेच दृष्टी झाकली. इंजिन एकच. आपल्या मुलखावर ते बंद पडलं तर शेतात उतरता येतं, शत्रूच्या मुलखावर बंद पडलं की कैद. पंख लाकडाचे. गोळी लागल्यावर लाकूड काय करतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मागे एकच मशीनगन, आणि आडोशाला चिलखत नाही, कारण ज्या विमानाने पळायचं त्याला अंगावर ओझं ठेवायचं नव्हतं.

टपालाच्या आणि टेहळणीच्या अंगात सारखेपणा पल्ल्यापर्यंत, वेगापर्यंत आणि हलकेपणापर्यंत खरा आहे. पण टपालवाला मित्रांच्या मुलखातून पळतो आणि टेहळ्या शत्रूच्या. जुन्या जासुदाला गोटात शिरताना वेष बदलता यायचा, फकीर होता यायचं, बैराग्याची झोळी घेता यायची. विमानाला वेष नाही. त्याच्याजवळ वेगाशिवाय दुसरी लपण्याची जागा नव्हती, आणि वेग ही नासणारी वस्तू आहे. १९३७ पासून दोन इंजिनांचं डॉर्निअर-१७ त्याच्या जागी येऊ लागलं.

हंगेरीने हा धडा दुसऱ्याच्या अनुभवावरून घेतला नाही. त्यांनी ताऱ्याच्या आकाराचं, हवेने थंड होणारं इंजिन बसवून घेतलेली १८ विमानं मागवली. नाव हाइन्केल-१७०. बीएमडब्ल्यूचं जुनं इंजिन काढल्यामुळे शक्ती वाढली, पण बाकीचं अंग तेच. १९४१ मध्ये सोव्हिएत मोहिमेत ती दूरच्या टेहळणीला धाडली. पल्ला तोकडा, बचाव तुटपुंजा. थोड्याच काळात मागे घ्यावी लागली. हाइन्केलने स्वतः १९३८ मध्ये डाइम्लर-बेंझचं नवं इंजिन लावून हाइन्केल-२७० करून पाहिलं. एकच बनलं. तोवर इंजिन बदलून सुटणारा प्रश्न राहिलेला नव्हता.

उसना गेलेला वळसा

आता दुसरी बाजू. हाइन्केल-१११, म्हणजे पुढे ब्रिटनवर बाँब टाकणारं ते जाडजूड विमान, याच ‘विजे’ची दुहेरी आवृत्ती होती. तोच पंख, तीच शेपटी, फक्त ताणून मोठी केलेली आणि दोन इंजिनं लावलेली. पहिलं उड्डाण २४ फेब्रुवारी १९३५. त्याचं प्रवासी रूप जानेवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या टेंपेलहोफला लोकांना दाखवलं. दहा उतारू, त्यांपैकी चौघांसाठी वेगळी धूम्रपानाची खोली. ही खोली जिथे होती तिथे सैनिकी रूपात बाँबचं कोठार असे. सिगारेट ओढणाऱ्याला ते सांगत असतील असं वाटत नाही.

आणि पुढे काय झालं? हाइन्केल-१११ च्या नंतरच्या प्रकारांत लंबवर्तुळाचे बाक काढून पंखाच्या कडा सरळ केल्या. कारण बनवायला वेळ लागत होता. हजारांच्या संख्येने विमानं हवी असताना प्रांट्लच्या गणितातून मिळणाऱ्या थोड्याशा फायद्यासाठी कारागिराचे तास कोण मोजणार? रिव्हेट मात्र बुडवलेलेच राहिले. पंखाच्या आकाराला श्रेय जास्त मिळालं असं मी वर म्हटलं, त्याला ही घडामोड थोडासा आधार देते.

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंखही लंबवर्तुळाकार, म्हणून तो इथून उचलला अशी चर्चा अजून संपत नाही. स्पिटफायरच्या पंखावर काम करणारा बेव्हर्ली शेनस्टन हा कॅनडाचा अभियंता आधी जर्मनीत युंकर्सकडे शिकून आलेला. हाइन्केल-७० च्या अंगाचा गुळगुळीतपणा पाहून तो थक्क झाला, हे त्याने स्वतः मान्य केलं. पंख उचलल्याचा आरोप मात्र त्याने फेटाळला, आणि मला त्याचं म्हणणं रास्त वाटतं. स्पिटफायरचा पंख कितीतरी पातळ आणि धातूचा, छेद वेगळा. त्यांनी ‘विजे’कडून घेतलं ते माप. अंग किती गुळगुळीत होऊ शकतं, याची पट्टी. जपानी नौदलाच्या आइची सूरमार बाँबफेक्याच्या पंखावर मात्र हाइन्केल-७० चा प्रभाव सरळ मानला जातो. त्या नौदलाने एक नमुना विकत घेतलेला होता. पर्ल हार्बरवर सूर मारला तो याच आइचीने.

सगळ्यात मजेशीर देवघेव रोल्स-रॉइसबरोबरची. ब्रिटिश कंपनीला आपली इंजिनं तपासायला वेगवान, गुळगुळीत अंगाचं विमान हवं होतं. घरात तसं नव्हतं. जर्मन मंत्रालयाला नव्या लढाऊ विमानांच्या नमुन्यांसाठी चांगली इंजिनं हवी होती. घरची अजून तयार नव्हती. सौदा ठरला. चार केस्ट्रेल इंजिनांच्या बदल्यात एक हाइन्केल-७०. मेसरश्मिट-१०९ चा पहिला नमुना मे १९३५ मध्ये उडाला तो ब्रिटिश केस्ट्रेलवर. सूरमार स्टुकाचा पहिला नमुनाही केस्ट्रेलवरच. आणि इकडे नॉटिंगहॅमजवळच्या हकनॉलच्या विमानतळावर नाकात केस्ट्रेल बसवलेली जर्मन ‘वीज’ ब्रिटिश इंजिनांची परीक्षा घेत फिरत होती.

जर्मन हवाई दलात टेहळणीतून काढलेली हाइन्केल-७० मोडीत गेली नाहीत. एवढं वेगवान आणि अजून धडधाकट विमान टाकून कोण देणार? कॅमेरे उतरवले आणि ती तळातळांमधल्या निरोपाच्या कामाला लावली. मुख्यालयाचे कागद, एखादा घाईतला अधिकारी, मोहोरबंद लखोटे. खाली आपलाच मुलूख, मागे कुणी लागलेलं नाही, आणि जिथे उतरायचं तिथे आपलीच माणसं उभी.